बदली नावाची शिक्षा

कृष्णाकाठच्या वाईला १८५२ साली गोपाळ हरी देशमुख मुन्सफ म्हणून रुजू झाले. घाट, देवालये आणि वेदविद्या यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात न्यायासनावर बसलेले हे गृहस्थ म्हणजेच ‘लोकहितवादी’. त्यापूर्वी १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी याच टोपणनावाने शंभरावर पत्रे लिहिली होती आणि भिक्षुकशाहीवर व आळसावर कोरडे ओढताना, या देशासाठीही पार्लमेंट मागावे असे सुचविण्यास ते कचरले नव्हते. ही पत्रे लिहिली गेली तेव्हाही लेखक सरकारी चाकरीतच होता. ती चाकरी पुढे निर्वेध चालली आणि बढत्याही मिळत गेल्या. त्यांच्या टीकेचा मोठा रोख स्वकीयांवर होता. राज्यकर्त्यांना तिची झळ फारशी लागत नव्हती.

पुढच्या पिढीतील एका न्यायाधीशाला मात्र ती सवलत मिळाली नाही. महादेव गोविंद रानडे यांचे नाव आज रस्त्यांना व संस्थांना दिलेले आढळते, आणि नेमस्त, सरकारला मानवणारा विद्वान अशी त्यांची प्रतिमा रूढ आहे. नोकराने कोणते मत बाळगावे यावरून सरकारने ज्यांना अनेक वर्षे संशयाने वागविले त्यांत हे नेमस्त गृहस्थ अग्रभागी होते, याचा सहसा विसर पडतो.

निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेल्या माधवरावांना पहिला फटका विद्यार्थिदशेतच बसला. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि तिच्यात इंग्रजी राज्य उणे ठरविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या बुद्धिमान विद्यार्थ्यावर लोभ होता. परंतु निबंध त्यांना खपला नाही आणि माधवरावांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. निबंधात चूक असेल तर गुण कापावेत. शिष्यवृत्ती कापणे हा निबंधाला दिलेला जबाब नव्हे. मत खोडून काढण्याऐवजी मताच्या धन्याचा घास काढून घेण्याची ही रीत पुढे त्यांच्या नोकरीतही आडवी आली.

१८७१ मध्ये ते पुण्यास सबजज्ज झाले. आदल्याच वर्षी मूळच्या साताऱ्याच्या गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. सभेचा चेहरा काकांचा, तर अभ्यास बव्हंशी माधवरावांचा, असे म्हणण्यास हरकत नाही. शेतसाऱ्याची चौकशी, पार्लमेंटकडे पाठविलेले अर्ज, १८७६-७७ च्या दुष्काळातील गावोगावची माहिती यांमागे त्यांचा हात होता. सभेच्या त्रैमासिकातील लेखांचा मोठा भाग त्यांनीच, पण बिनसहीचा, लिहिला. दिवसा कोर्टाचे काम आणि उरलेल्या वेळात आकडे, तक्ते व मसुदे असा हा दिनक्रम होता. त्यांच्या न्यायदानात या उद्योगाने कसूर आली, असा आक्षेप कोणी घेतल्याचे दिसत नाही.

तरीही १८७८ च्या आरंभी त्यांची नाशिकला बदली झाली. बदली ही नोकरीच्या नियमांत बसणारी गोष्ट. तिला कारण द्यावे लागत नाही, आरोपपत्र लागत नाही आणि म्हणूनच तिला उत्तरही देता येत नाही. शिक्षा म्हणून ती वापरली जाते तेव्हा तिचे खरे सामर्थ्य या मुकेपणात असते. साधारण त्याच काळात ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर या सरकारी शाळेतील शिक्षकालाही पुण्याहून रत्नागिरीस धाडण्यात आले. शास्त्रीबोवांनी १८७९ मध्ये चाकरीच सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. एका शिक्षकाची लेखणी आवरण्याच्या नादात सरकारने खाजगी राष्ट्रीय शिक्षणाला एक संस्थापक मिळवून दिला, इतकाच काय तो लाभ.

१८७९ साल अधिक कठीण गेले. वासुदेव बळवंत फडके या लष्करी हिशेबखात्यातील कारकुनाने बंड उभारले होते. त्यांनी रानड्यांची व्याख्याने ऐकलेली होती. १३ मे रोजी पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगीत सापडले आणि शहरातील प्रत्येक सुशिक्षितावर संशयाची छाया पडली. सुटीसाठी पुण्यास आलेल्या माधवरावांना सुटी संपण्याची वाट न पाहता धुळ्यास हजर होण्याचा हुकूम मिळाला. स्नेह्यांनी हरकत घेण्यास सुचविले, ते त्यांनी मानले नाही. नोकरी पत्करली आहे तोवर हुकूम पाळावयाचा, ही त्यांची भूमिका होती.

धुळ्यास त्यांची पत्रे फोडली जाऊ लागली. हा सारा वृत्तांत आपल्याला कळतो तो रमाबाईंच्या आठवणींच्या पुस्तकामुळे. त्यांचा जन्म तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आज सांगलीत असलेल्या, देवराष्ट्रे गावचा. माधवराव या मुलखाचे जावईच. बंडवाल्यांच्या नावाची बनावट पत्रेही त्यांच्याकडे येऊ लागली. अशी पत्रे दडवावी तर संशय, फाडावी तर पुराव्याचा नाश. माधवरावांनी ती सरळ पोलिसांकडे पाठवून दिली. काही काळाने एका इंग्रज अधिकाऱ्याने संशय दूर झाल्याचे त्यांच्या कानी घातले. बदली लेखी होती, दिलासा तोंडी मिळाला.

येथे एक गोष्ट माधवरावांच्या चाहत्यांनाही मान्य करावी लागेल. ते या दिव्यातून पार पडले ते नियमांनी त्यांना तारले म्हणून नव्हे. त्यांच्याएवढा कायदेपंडित सरकारला परवडण्याजोग्या पगारात दुसरा मिळणे अवघड होते, म्हणून ते तरले. ज्याच्याजागी दुसऱ्याच दिवशी दुसरा बसविता येतो अशा कारकुनाची पत्रे त्या उन्हाळ्यात फोडली गेली असती, तर त्याला दिलासा द्यावयास कोण अधिकारी गेला असता? अंगच्या मोठेपणामुळे मिळणारे संरक्षण लहानांच्या उपयोगाचे नसते.

याच सरकारला १८८१ मध्ये ते पुन्हा हवे झाले. १८७५ च्या दंग्यांनंतर शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी १८७९ चा कायदा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांत लागू झाला होता. कर्जरोख्यावरचा आकडा डोळे झाकून न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार या कायद्याने कोर्टांना मिळाला, आणि त्या कोर्टांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेत माधवरावांची नेमणूक झाली. १८८७ मध्ये ते त्या खात्याचे विशेष न्यायाधीश झाले. ज्या अभ्यासापायी ते संशयित ठरले होते तोच अभ्यास वाई, कऱ्हाडच्या कुणब्याचे खाते तपासताना कामी आला. १८९३ मध्ये तेलंगांच्या निधनानंतर ते हायकोर्टात गेले.

त्यांनी मर्यादा मुळीच मानल्या नाहीत असे नव्हे. १८८५ च्या मुंबईच्या काँग्रेसला ते उपस्थित होते, परंतु प्रतिनिधी झाले नाहीत. न्यायाधीशाने पक्षाच्या व्यासपीठावर बसू नये, हे बंधन त्यांना जाचक वाटले नसावे. ज्याच्यासमोर उद्या विरुद्ध मताचा पक्षकार उभा राहणार आहे त्याने हे पथ्य पाळणे रास्तच. मात्र आचरणावरचे पथ्य निराळे आणि मनातील किंवा पूर्वीच्या मताबद्दल पोटावर पाय देणे निराळे.

स्वतंत्र भारतात हा भेद पुसला जाऊ शकतो, हे मध्य प्रदेशातील एका शिक्षकाच्या प्रकरणाने दाखविले. त्याची नगरपालिकेची शाळा सरकारने ताब्यात घेतली. तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघाच्या कार्यात होता, या पोलिसी अहवालावरून त्याची नोकरी गेली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई टिकू दिली नाही. शिक्षक डाव्या विचाराचा असता तरी निकाल हाच यावयास हवा होता. आपल्याकडील १९७९ चे वर्तणूक नियम सरकारी नोकरास पक्षाचे सभासदत्व व निवडणूक प्रचार यांपासून दूर ठेवतात. खाजगी कचेरीतील वा संस्थेतील नोकराला मात्र नियमापेक्षा चालकांची मर्जीच अधिक सांभाळावी लागते, आणि बदलीचा हुकूम आजही कारण न सांगता निघू शकतो.

माधवराव १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. धुळ्याच्या त्या महिन्यांबद्दल त्यांनी कधी जाहीर तक्रार केली नाही. रमाबाईंचे पुस्तक १९१० मध्ये निघाले, आणि टपालातून फोडून आलेल्या पत्रांची हकीकत पुढच्या वाचकांच्या हाती लागली ती त्यातून.