म्युनिकची जमीन तपासणारे पेटेनकोफर

कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८५४ साली ते ठरलेले नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपावर बोट ठेवले. त्याच वर्षी जर्मनीतल्या म्युनिक शहरातही साथ आली. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक मॅक्स पेटेनकोफर स्वतः आजारी पडले, बरे झाले आणि साथीचे कारण शोधू लागले. त्यांचे बोट मात्र पाण्याकडे नव्हे, जमिनीकडे गेले.

पेटेनकोफर यांचा जन्म १८१८ सालचा. काका राजवाड्याचे औषधनिर्माते, त्यांच्याकडेच ते वाढले. तरुणपणी घर सोडून काही काळ नाटकातही रमले होते! पुढे ते वैद्यक शिकले.

साथीत एका वस्तीत मृत्यू जास्त आणि दुसरीत कमी, असे का, हा त्यांचा प्रश्न होता. सच्छिद्र, ओलसर आणि संडासाच्या खड्ड्यांतली घाण मुरलेल्या जमिनीवर साथ वाढते, कातळावर वाढत नाही, असे त्यांना दिसले. १८५६ पासून ते म्युनिकच्या विहिरींची पाणीपातळी नियमितपणे मोजू लागले. भूजल खाली गेले की विषमज्वराचे मृत्यू वाढतात, असेही म्युनिकच्या आकड्यांत आढळले. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला: बाहेरून आलेला जंतू एकटा काही करत नाही, घाणेरड्या जमिनीत तो ‘पिकतो’, तेव्हाच विष तयार होते आणि हवेतून घरात शिरते. या सिद्धांताचा प्रभाव भारतातल्या इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांवरही पडला.

निष्कर्ष चुकीचा होता, मोजमाप मात्र चोख. जमिनीच्या पोटातली हवाही त्यांनी तपासली. हिवाळ्यात गरम केलेले घर धुराड्यासारखे काम करते आणि खालची हवा वर ओढते, हे त्यांनी दाखवले. रस्त्यात फुटलेल्या नळीतला दिव्यांचा गॅस, गॅसची जोडणीच नसलेल्या घरात शिरून माणसांना विषबाधा कशी करतो, याचा उलगडा त्यातून झाला. आज बंद पडलेल्या कारखान्याची किंवा जुन्या पेट्रोलपंपाची जागा तपासताना हेच पाहतात. नळ्या रोवून भूजलाची पातळी आणि वाहण्याची दिशा मोजतात, थराथरातली माती काढतात आणि जमिनीतली वाफ शेजारच्या घरांत जाते का, हे बघतात.

१८८३ साली रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू सापडला. पेटेनकोफर तरीही हटले नाहीत. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे कॉलऱ्याने दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळताच पुरवत होते. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून देत होते आणि ते बहुतांशी वाचले. दोन्ही शहरे एकमेकांना खेटून, जमीनही सारखीच. जमिनीच्या सिद्धांताची यापेक्षा कडक परीक्षा कोणती असणार?

पेटेनकोफर यांनी स्वतःवरच प्रयोग केला. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, पोटातले आम्ल सोड्याने मारून त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण प्यायले. थोडे जुलाब झाले, एवढेच. त्यांना तो आपला विजय वाटला. खरे तर जंतू पोटात गेलेल्या पुष्कळांना कॉलरा सौम्यच होतो, त्यामुळे एका माणसाच्या बचावातून काही सिद्ध होत नाही. त्यांच्यापाठोपाठ हेच धाडस करणारे शिष्य एमरिश बरेच जास्त आजारी पडले.

पण याच हट्टी माणसाने म्युनिक स्वच्छ केले. जमीन घाण होऊ द्यायची नाही, म्हणून त्यांनी गळक्या खड्ड्यांऐवजी भुयारी गटारांचा आग्रह धरला आणि शहराबाहेरून स्वच्छ पाणी आणायला लावले. १८८३ पासून आल्प्सच्या पायथ्याजवळच्या मांगफाल खोऱ्यातले पाणी शहरात येऊ लागले. या सुधारणांच्या काळात म्युनिकमधला विषमज्वर झपाट्याने ओसरला. कारण चुकीचे धरले तरी उपाय लागू पडला, कारण घाण मातीतून विहिरीत उतरतच होती.

शेवटची वर्षे एकाकी गेली. पत्नी आणि काही मुले आधीच गेली होती, तब्येत खालावली होती, मन खचले होते. फेब्रुवारी १९०१ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवले. म्युनिकच्या नळांना आजही बहुतेक पाणी मांगफालच्या खोऱ्यातूनच येते.