बाबासाहेबांचा रुपया आणि रमाईंचा संसार

आखाजीला एरंडोलला माहेरी गेले, तर झोक्याचं नावच नाही, घरात नुसती वाटणीची चर्चा! सात एकर कापसाचं शेत, तीन भाऊ, मधे दोन नवे बांध. धाकट्याचं म्हणणं, एवढ्याशा तुकड्यात पिकणार काय? मी गप्प. बहिणीने तोंड उघडलं की तिलाही हिस्सा हवाय असंच वाटतं ना सगळ्यांना! पण माझी भाची एम.ए.ला अर्थशास्त्र शिकते. ती पटकन म्हणाली की, आत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर १९१८ सालीच लेख लिहिलाय.

मैत्रिणींनो, मला नवलच वाटलं. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळं आठवतं. पण त्यांचं मूळ शिक्षण अर्थशास्त्राचं. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले. मग लंडन. तिथे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्याला नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. इतका शिकलेला माणूस, तरी!

लहान शेतांवरचा तो लेख त्यानंतरचा. भाचीने तो मला सोपा करून सांगितला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. बैल, अवजारं, भांडवल किती आहे यावर ठरतं. तुकडे जोडून फार काही साधणार नाही, कारण खरा भार जमिनीवर अवलंबून असलेल्या रिकाम्या हातांचा. त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळालं, तरच शेती सुटेल. मी भावांकडे पाहिलं. तिघांची मिळून पाच मुलं, आणि काम एकालाच.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये, त्या काळी मोठाच. पण तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी सामाईक भांड्यातलं पाणी प्यायलेलं खपत नव्हतं. घर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. रमाईंच्या हातात संसारासाठी ठरावीक रक्कम यायची, बाकी शिल्लक लंडनसाठी. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. या शिलकीला शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांची जोड होती. तिकडे ते अर्धपोटी राहून ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसायचे. इकडे रमाई काटकसरीने दिवस काढत होत्या. हा हिशेब मात्र कुठल्या प्रबंधात नाही.

प्रबंधाचा विषय होता रुपया. परीक्षकांनी तो काही ठिकाणी बदलून लिहायला लावला. शेवटी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तकही निघालं. त्यातला मुद्दा आपल्याला लगेच कळेल. परदेशी चलनात रुपयाचा भाव किती, यापेक्षा बाजारात त्याला काय मिळतं हे महत्त्वाचं. सरकारने हवा तेवढा पैसा काढला तर महागाई वाढते आणि मजुराच्या घरातली चूल आधी विझते. १९२५ मध्ये चलनाच्या चौकशीसाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढेही बाबासाहेबांनी साक्ष दिली. याच आयोगाने देशासाठी मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पुढे कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये मिळाली.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. चार लेकरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती, एकटा यशवंत राहिला. रुपयावरचं पुस्तक बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीला वाहिलं होतं. रमाईंच्या स्मृतीला वाहिलेलं पुस्तक आलं १९४० मध्ये, पाकिस्तानच्या प्रश्नावरचं. त्यावर नाव होतं फक्त रामू.