तबकडींतले खांसाहेब

गेल्या दिवाळींत आमच्या पिंपळे सौदागर येथील घरीं एक स्वस्तांतलें टर्नटेबल आलें. वडिलांच्या पेटींत कापडांत गुंडाळलेली एक जुनी तबकडी होती. तिजवर खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें गाणें आहे. यंत्र जोडून ती लाविली, तों आवाज इतका बारीक, चिरका व खरखरीत आला कीं, मुलें हंसूं लागलीं. खांसाहेबांचा कंठ मुळांतच बारीक होता हें ठाऊक असल्यामुळें आम्हींही दोष गायकाच्याच पदरीं घातला. हा अन्याय कसा दूर झाला तें शेवटीं सांगूं. प्रथम त्या थोर पुरुषाचें चरित्र पाहूं.

करीमखांचा जन्म १८७२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत कैराना या गांवीं गवयांच्या कुळांत झाला. तालीम घरींच मिळाली व तरुणपणींच ते बडोदें दरबारांत गाऊं लागले. तेथें ताराबाई माने यांच्याशीं त्यांचा संबंध जुळला आणि उभयतांनीं बडोदें सोडलें. तेव्हांपासून उत्तरेचा हा गवई महाराष्ट्राचाच झाला.

त्या काळीं विद्या म्हणजे घराण्याचें गुप्त धन. उस्ताद ती सहसा बाहेर देत नसत. खांसाहेबांनीं १९१३ सालीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढिलें, आणि जलशांच्या उत्पन्नावर तें चालविलें. ज्यांच्या कुळांत गाणें नव्हतें अशा मुलांसही तेथें तें शिकतां आलें. सवाई गंधर्व या नांवानें पुढें गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचेच शिष्य होत.

सुराच्या बाबतींत खांसाहेबांस तडजोड ठाऊक नव्हती. तंबोरा जुळविण्यांत व त्याची दुरुस्ती करण्यांत त्यांचा हात धरणारा विरळा. सांगलीचे देवल व सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनीं बावीस श्रुतींचा अभ्यास चालविला, तेव्हां त्यांस खांसाहेबांच्या कंठाचें साहाय्य झालें. कर्नाटक संगीताचाही त्यांनीं आदरपूर्वक अभ्यास केला. म्हैसूरच्या दरबारीं त्यांचा मान होता.

सुख मात्र अखंड लाभलें नाहीं. पुढें ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या व विद्यालयही टिकलें नाहीं. सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर हीं त्यांचीं मुलें नामांकित झालीं, पण पित्याच्या छत्राबाहेर. खांसाहेबांनीं मिरजेस वास केला आणि गाणें सोडिलें नाहीं.

१९३० नंतरच्या दशकांत त्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांनीं तें गाणें घरोघर नेलें. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें! तासन् तास गाणाऱ्यानें तेवढ्यांत रागाचें सार ओतावयाचें होतें. अशीच झिंझोटींतील एक ठुमरी दुकानांत वाजतांना एका कानडी मुलानें ऐकिली आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधांत घर सोडिलें. तेच पंडित भीमसेन जोशी. शेवटीं ते सवाई गंधर्वांकडेच शिकले.

१९३७ च्या आक्टोबरांत मद्रासेहून पांडिचेरीकडे जात असतां खांसाहेबांस वाटेंत अस्वस्थ वाटूं लागलें. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. नमाज पढून, दरबारी रागांत ईश्वराचें स्मरण करीत त्यांनीं देह ठेविला, असें सांगतात. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांची कबर आहे.

आतां आमचें यंत्र. ही तबकडी मिनिटास ७८ फेऱ्यांची. तिचा चर रुंद असतो, म्हणून तिला जाड टोंकाची सुई लागते. आमच्या यंत्राची सुई पुढील काळांतील तेहतीस फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीं होती. ती चराच्या तळाशीं घांसत जाई, आणि खरखर त्यामुळें. सुई बदलिली, पाणसळ ठेवून यंत्र सपाट केलें, व तें ध्वनिवर्धकापासून दूर, निराळ्या मेजावर मांडिलें. खरखर पुष्कळ कमी झाली, पण आवाज चढलेलाच. तेव्हां धाकट्या मुलानें फिरत्या तबकाच्या कडेस कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ हातीं घेतलें व फेरे मोजिले. भरले ८२! चार फेऱ्यांची चूक. पण तेवढ्यानें सूर जवळजवळ एका अर्धस्वरानें चढतो. जो पुरुष श्रुतीचाही फरक सोशीत नसे, त्यास आम्हीं अर्ध्या स्वरानें खोटें पाडिलें होतें. यंत्राच्या तळाशीं वेग कमीजास्त करण्याचा बारीक स्क्रू होता. तो हलकेंच फिरवून पुन्हा मोजिलें: ७८.

मग सुई ठेविली. आवाज बारीकच, पण आतां स्थिर, आर्त व गोड. कोणी हंसलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, खांसाहेब गाण्यापूर्वीं तंबोरा जुळवीत. गतकाळच्या थोरांविषयीं मत देण्यापूर्वीं आपणही आपलें यंत्र एकदां मोजून पाहावें, म्हणजे त्यांचा खरा सूर आपणांस ऐकूं येईल.