टिमोथियस (अथेन्सचा सेनापती)

टिमोथियस (मृत्यू: इ.स.पू. ३५४, काल्किस) हा प्राचीन अथेन्सचा सेनापती व मुत्सद्दी होता. चांदीच्या तुटवड्यात सैनिकांना कांस्य नाणी देऊन ती बाजारात चालविण्याच्या त्याच्या योजनेमुळे ग्रीक नाण्यांच्या इतिहासातही त्याचे नाव घेतले जाते.

प्रारंभिक जीवन

टिमोथियस हा सेनापती कोनॉनचा पुत्र. इ.स.पू. ३९४ मधील क्निडसच्या विजयानंतर कोनॉनने इराणी द्रव्याच्या साहाय्याने अथेन्सच्या पडलेल्या तटबंदीची पुनर्बांधणी केली. टिमोथियसचे शिक्षण आयसोक्रेटिस या वक्तृत्वाचार्याकडे झाले.

कारकीर्द

इ.स.पू. ३७५ मध्ये त्याने कॉर्सिरा बेट अथेन्सच्या बाजूस वळविले व अलिझिया येथे स्पार्टाच्या आरमाराचा पराभव केला. मात्र अथेन्सकडून मोहिमांना पुरेसा पैसा मिळत नसे. त्याला स्वतःची मालमत्ता गहाण टाकावी लागली, तसेच पेसिऑन या सावकाराचे कर्ज घ्यावे लागले. इ.स.पू. ३७३ मध्ये निधी व माणसे जमविण्यात विलंब झाल्याने त्याचे पद गेले. त्याच्यावर खटलाही चालला. त्यात तो निर्दोष सुटला. पुढे त्याने दहा महिन्यांच्या वेढ्यानंतर सामोस जिंकले.

कांस्य नाणी

अथेन्सचे चलन प्रामुख्याने लॉरियनच्या खाणींतील चांदीचे होते. पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस तेथे चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढावी लागली होती. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात त्यांचा उपहास आढळतो. इ.स.पू. ३६४ च्या सुमारास ऑलिंथसविरुद्धच्या मोहिमेत चांदी संपली, तेव्हा टिमोथियसने कांस्य नाणी पाडून सैनिकांत वाटली. सैनिक नाराज झाले. व्यापारी याच नाण्यांवर माल देतील, असे आश्वासन त्याने त्यांना दिले. व्यापाऱ्यांना त्याने सांगितले, की त्या प्रदेशातून येणारा माल व लूट याच नाण्यांनी खरेदी करावी आणि उरलेली नाणी त्याच्याकडून चांदीत बदलून घ्यावीत. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'इकोनॉमिका' या ग्रंथात ही हकिकत नोंदलेली आहे. धातूच्या मोलापेक्षा परतफेडीच्या हमीवर चालणाऱ्या चलनाचे हे एक जुने उदाहरण होय. या मोहिमेत पोटिडिया व टोरोनी त्याच्या हाती आली. ऑलिंथस व अँफिपोलिस मात्र आली नाहीत.

अखेर

एंबाटाच्या लढाईत वादळामुळे त्याने झुंज टाळली. सहसेनापती कारेसच्या आरोपावरून त्याला १०० टॅलेंट दंड झाला. तो भरता न आल्याने तो काल्किसला गेला व तेथेच निधन पावला. नंतर दंडाचा नऊ-दशांश भाग माफ झाला. उरलेल्या १० टॅलेंटमधून त्याच्या पुत्राने, आजोबांनी उभारलेल्या तटाची दुरुस्ती केली.