अडीचशे रुपयांची जागा

प्रयोगशाळेत अनुमापन चालू असताना बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, रसायनशास्त्रात पुढे शिकलो तर कॉलेजात जागा मिळेल का? मी स्वतः तीन वर्षे अतिथी प्राध्यापक. जूनला नेमणूक, मार्चला मोकळा. होय म्हणायला जीभ रेटेना. म्हणून त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो.

राय यांचा जन्म १८६१ चा, आज बांगलादेशात असलेल्या राडुली गावी. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिनबर्गला गेले, क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकले, १८८७ साली डी. एस्सी. झाले आणि पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याला परतले. पदवी हाती, पण जागा कुठे? वरच्या श्रेणीतल्या जागा बहुतेक साहेबांसाठीच राखलेल्या. जवळजवळ वर्षभर हा डॉक्टर जगदीशचंद्र बोस यांच्या घरी राहिला आणि वनस्पती गोळा करून त्या ओळखण्यात दिवस घालवू लागला. (बेकारीतही माणूस काहीतरी शिकतच असतो, फक्त ते अर्जात लिहिता येत नाही.)

अखेर १८८९ च्या जुलैत प्रेसिडेन्सी कॉलेजात साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. तीही तात्पुरती, पगार दरमहा २५० रुपये. गाऱ्हाणे घेऊन ते शिक्षणसंचालकांकडे गेले, तर ही नोकरी घ्याच असा आग्रह कोणी धरलेला नाही, इतर वाटा मोकळ्या आहेत, असे ऐकून परतावे लागले.

राय यांनी नोकरी सोडली नाही, पण दुसरी वाटही काढली! १८९२ साली राहत्या घरीच औषधे बनवायला सुरुवात केली. त्याचीच पुढे १९०१ मध्ये बेंगाल केमिकल कंपनी झाली. शिकलेल्या तरुणांना कारकुनीपलीकडे काम मिळावे, हा त्यांचा ध्यास. मर्क्युरस नायट्राइटवरचे प्रसिद्ध संशोधन याच धावपळीतले.

आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांशी त्यांचा स्नेह होता. कलकत्त्यात गांधीजींची व त्यांची ओळख गोखल्यांनीच करून दिली. पगाराच्या ८०० रुपयांतले ४० स्वतःला ठेवून बाकीचे लोककार्याला देणारा प्राध्यापक, अशी त्यांची नोंद गांधीजींनी आत्मचरित्रात केली आहे.

मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. तारकनाथ पालित यांनी १९१२ साली कलकत्ता विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि तिच्यातून निघणारी प्राध्यापकपदे भारतीयांनाच मिळावीत, अशी अट घातली. ज्या दारावर राय वर्षभर थांबले, तसले दार एका वकिलाने कागदावर दोन ओळी लिहून उघडले. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन राय रसायनशास्त्राचे पहिले पालित प्राध्यापक झाले. साठी उलटल्यावर, १९२१ पासून, त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. १९३६ साली निवृत्त झाले, तरी सायन्स कॉलेजातली साधी खोली सोडली नाही. १६ जून १९४४ रोजी ते वारले.

तो विद्यार्थी परवा एम. एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज माझ्याकडून तपासून घेऊन गेला. माझाही एक अर्ज त्याच दिवशी टपालात पडला.