मुलाला ताप आला तर ऐकायचं कोणाचं? बाबा आमटे, आनंदवन आणि भामरागडची गोष्ट

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला चिकटून भामरागड आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे भेटतात. ५० वर्षांपूर्वी इथल्या एखाद्या माडिया गोंड कुटुंबातलं मूल तापाने फणफणलं, त्याला झटके येऊ लागले, की आईवडील त्याला गावच्या पुजाऱ्याकडे न्यायचे.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण पुजारी त्यांची भाषा बोलायचा, मध्यरात्री हाक मारली तरी यायचा, आणि पोराचा आजाही त्याच्या ओळखीचा असायचा. डॉक्टर कुठे होता? जंगलातून कित्येक तास चालल्यावरही तो भेटेलच याची खात्री नव्हती. भेटलाच तर त्याला माडिया कळत नव्हती. मग आईने विश्वास कोणावर ठेवायचा?

याच भागात, भामरागडजवळच्या हेमलकसा इथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटेंनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांद्याचाच. बाबांचं नाव घेतलं की आपल्याला आनंदवन आणि कुष्ठरोगी आठवतात. पण मुलांच्या बाबतीत आईबापांनी कोणाचं ऐकावं, हा प्रश्न त्यांच्या घरात हेमलकशाच्या २०-२५ वर्षं आधीच येऊन बसला होता.

वकील, जमीनदाराचा मुलगा, आणि तुळशीराम

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर श्रीमंत, जमीनजुमला भरपूर. तरुणपणी शिकार, मोटार, सिनेमा असे सगळे शौक करून झाले. नागपुरात कायद्याचं शिक्षण घेतलं आणि वरोऱ्याला वकिली केली. गांधीजींच्या संपर्कात आल्यावर राहणी बदलली. रेल्वेत गोरे सैनिक एका मुलीला त्रास देत होते, तेव्हा ते त्यांना एकटे भिडले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटल्याचं सांगतात. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. त्याच पुढे साधनाताई.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना डोक्यावरून मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांचं दुःख समजावं म्हणून बाबांनी स्वतः ते काम केलं. त्याच दिवसांत पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला एक माणूस त्यांना दिसला. कुष्ठरोगाने हातापायांची बोटं झडलेली, अंगावरच्या जखमांत किडे. त्याचं नाव तुळशीराम. आणि गोऱ्या सैनिकांना न घाबरलेला हा माणूस तिथून पळाला.

पळाल्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, तुळशीरामला आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम फार जगला नाही. पण कुष्ठरोगाबद्दल लोक जे बोलतात त्यातलं खरं किती, हे आता त्यांना जाणून घ्यायचं होतं.

स्वतःच्या शरीरावरचा प्रयोग

बाबांनी आधी पुस्तकं वाचली, गावोगावच्या रुग्णांवर उपचार करायला शिकले आणि मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. ते डॉक्टर नव्हते, वकील होते. पण सल्ला द्यायचा तर तो शिकून द्यायचा, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेकदा गळतो.

धाडसाची गोष्ट अशी: कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत. आजही वाढत नाहीत. उंदराच्या पायात ते वाढवता येतात हे १९६० मध्ये कळलं. त्यामुळे तेव्हा संशोधनच अडलेलं होतं. बाबांनी त्यासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

या प्रयोगाने कुष्ठरोग पसरत नाही हे सिद्ध झालं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. एका माणसाला रोग झाला नाही, एवढ्यावरून इतरांबद्दल काही ठरत नाही. कुष्ठरोग संसर्गजन्य आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ, जवळच्या सहवासात तो नाकातोंडातल्या तुषारांमधून पसरू शकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला वर्षंही जातात. पण सुमारे ९५ टक्के लोकांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद मुळातच असते, आणि औषध सुरू झालं की रुग्णापासूनचा धोका लवकरच संपतो. बाबांचा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याचा आधार त्यांच्या शरीरापेक्षा मोठा होता.

घरच्या दोन मुलांचं काय?

वरोऱ्याबाहेर सरकारने दिलेल्या खडकाळ, झुडपांच्या ५० एकर जमिनीवर बाबा आणि साधनाताई राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. आनंदवनाची ही सुरुवात मराठी घरांत अनेकांना पाठ असते. त्यात एक ओळ मात्र घाईत वाचली जाते. सोबत दोन लहान मुलंही होती. विकास १९४७ चा, प्रकाश १९४८ चा.

साधनाताईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चालायला-बोलायला शिकणारी मुलं, आणि अंगणात असे रुग्ण ज्यांच्या सावलीलाही गाव घाबरतं. प्रत्येक शहाणंसुरतं माणूस सांगणार, मुलांना तिथे नेऊ नका. आणि तो सल्ला प्रेमापोटीच असणार.

दुसऱ्या बाजूला होती एक नवी गोळी, डॅप्सोन. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि हजारो वर्षांत पहिल्यांदाच कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज मिळाला. बाबांनी हे शिकलेलं होतं. तरीही काही धोका उरतच होता. लहान मुलांना तर मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून या निर्णयाला आदर्श पालकत्व म्हणायला मन धजत नाही. तो बेफिकिरीचा होता असंही म्हणता येत नाही. विकास आणि प्रकाश रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले, धडधाकट राहिले आणि दोघेही डॉक्टर झाले.

वरोऱ्याचे लोक मात्र लगेच बधले नाहीत. आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायलाही आधी कोणी तयार नव्हतं. ५० च्या दशकात परदेशातून आलेले स्वयंसेवक तिथे राहिले, रुग्णांसोबत जेवले, बांधकाम केलं, आणि गावाच्या मनातली भीती थोडी सैल झाली. खरा बदल दिसला १९६४ मध्ये. आनंदवनाच्या आवारात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं आणि वरोऱ्यातल्या घरांनी आपली मुलं तिथे शिकायला पाठवली. जिथली वांगी नको होती, तिथे पोटची पोरं पाठवायची! त्यासाठी किमान १२-१३ वर्षं जावी लागली, आणि एवढ्या काळात तिथली मुलं ठणठणीत आहेत हे गावाने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं.

हेमलकसा: उपचारांआधी भाषा

भामरागडच्या जंगलात बाबांनी मुलांना सहलीसाठी नेलं होतं. तिथल्या माडियांची अवस्था पाहून त्यांच्यासाठी काम करायचं ठरलं. बाबांची पाठ आणि मान तेव्हा फारच दुखावलेली होती. पुढे तर त्यांना बसताच येईना, उभं राहायचं किंवा आडवं पडायचं एवढंच. त्यामुळे हेमलकशाची कल्पना आणि जिद्द बाबांची असली, तरी रोजचं काम केलं ते डॉ. प्रकाश यांनी, नागपुरातलं सर्जरीचं शिक्षण अर्धवट सोडून, आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांनी. त्या भूलतज्ज्ञ.

सुरुवातीला रुग्ण येतच नव्हते. कपडे घातलेली अनोळखी माणसं दिसली की लोक जंगलात निघून जायचे. कारण बाहेरून येणारा माणूस म्हणजे सावकार, ठेकेदार किंवा सरकारी शिपाई, हा अनुभव होता. मग दोघं माडिया शिकले. डॉ. प्रकाश यांनी शर्ट-पँट सोडून चड्डी-बनियन हाच पोशाख केला. वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात उपचार चालायचे.

आधी आले ते पुजाऱ्याने हात टेकलेले रुग्ण. त्यातले काही बरे होऊन चालत गावी गेले, आणि मग ती बातमी गावागावांत पोहोचली.

इथल्या मुलांचा मोठा शत्रू मलेरिया. त्याचा फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत गेला तर मुलाला झटके येतात, ते बेशुद्ध पडतं. अंगात काही शिरलं असं आईला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण उपचार वेळेत मिळाले, तर हेच मूल काही दिवसांत अंगणात खेळू लागतं. पुजाऱ्याशी वाद घालून जे साधलं नसतं, ते अशा एका मुलामुळे साधतं. आमटे दांपत्याने पुजाऱ्यांशी भांडण काढलंही नाही. १९७६ मध्ये हेमलकशाला आश्रमशाळा निघाली. तिथे शिकलेली माडिया मुलं पुढे शिक्षक झाली, डॉक्टरही झाली. आता दवाखान्यात आईशी तिच्या भाषेत बोलणारं माणूस बाहेरून यावं लागत नाही.

बाबांनंतर

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचं निधन झालं. त्यांना तिथल्याच मातीत पुरण्यात आलं. त्याच वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळाला होता.

गडचिरोलीतच, पण आमटेंच्या कामापासून स्वतंत्रपणे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. घरी जाऊन बाळाचं वजन करणं, ऊब आणि अंगावरचं दूध याबद्दल आईला सांगणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. ३९ गावांत हे झालं आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. इथे एका माणसाच्या शरीराचा पुरावा नव्हता. शेजारच्या गावांशी तुलना करून काढलेले आकडे होते. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बाळ पाहतात.

भामरागड, एटापल्ली, धानोरा हे तालुके आजही राज्यातल्या मलेरियाच्या नकाशावर ठळक आहेत. इथे मुलाला ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं. झटके, बेशुद्धी, दूध किंवा पाणी न पिणं यातलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तोही दाखवायचा. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढतं आणि भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा आईला विचारायला जवळ असते ती गावातलीच आशाताई, तिची तपासणीची पट्टी आणि गोळ्यांचा डबा.