मद्रासमध्ये जन्मलेला हिमवीर

सुट्टीत हाटपिपल्याला आत्याकडे गेलो की बर्फाची गाठ पडते ती फक्त उसाच्या रसाच्या पेल्यात! माळव्याच्या त्या उन्हात हिमनदीवरून घसरणाऱ्या सर अर्नोल्ड लन यांची हकिकत वाचली. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, हे कळताच कुतूहल वाढले.

१८ एप्रिल १८८८ रोजी मद्रास येथे ते जन्मले. वडील हेन्री लन मिशनरी म्हणून येथे आले होते. पुढे मायदेशी परतून त्यांनी प्रवासी व्यवसाय काढला आणि ऐन हिवाळ्यात इंग्रजांना आल्प्स पर्वतात नेऊ लागले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असाच हा धंदा! त्यामुळे अर्नोल्डच्या पायांना स्कीच्या लांब फळ्या लहानपणीच लागल्या.

१९०९ मध्ये वेल्समधील एका कड्यावरून ते कोसळले. पाय मोडला आणि कायमचा आखूड झाला. दुसरा कोणी घरी बसला असता. पण जून १९१७ मध्ये याच पायाने लन स्कीच्या साहाय्याने ४,५४५ मीटर उंचीच्या डोम शिखरावर गेले.

त्याआधी, जानेवारी १९११ मध्ये, त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये शर्यत भरवली होती. चषकाला नाव होते कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स यांचे. तेही कानपूरला जन्मलेले! स्पर्धक आदल्या दिवशी चढून गेले आणि प्लेन मॉर्त हिमनदीवरून, आखलेली वाट नसताना, खाली माँतानापर्यंत उतरले.

त्या काळी स्कीच्या स्पर्धा म्हणजे लांब पल्ल्याची दौड किंवा उडी. उभ्या उतारावर वेग आणि ताबा दोन्ही लागतात, त्यांचीही परीक्षा हवी, असे लन यांचे मत होते. म्हणून १९२२ मध्ये म्यूरन येथे त्यांनी निशाणांच्या जोड्यांमधून वळणे घेत उतरण्याची 'स्लालम' शर्यत घड्याळ लावून घेतली. १९३६ मध्ये उताराच्या शर्यतींना ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

१९२८ पासून ऑस्ट्रियातील हान्नेस श्नायडर यांच्यासह ते सेंट अँटोनला शर्यत भरवीत. १९३८ मध्ये नाझींनी श्नायडरना अटक केली. तेव्हा लन यांनी त्या वर्षीची शर्यतच रद्द केली. आपल्या हाताने वाढवलेले काम मित्रासाठी थांबवणे सोपे नसते.

१९५२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. २ जून १९७४ रोजी ते निवर्तले. पाय आखूड राहिला, पण माणूस ताठ उभा राहिला. बर्फ न पाहिलेल्या आपणा विद्यार्थ्यांना एवढे पुरे आहे.